आधी वाडा, मग हॉस्पिटल, आता फेस्टिव्हल: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात पणजीच्या फिल्म फेस्टिव्हलबद्दल लिहिताना मी सहज एक ओळ टाकली होती, की जिथं तुम्ही पास गळ्यात घालून चहा पीत उभे असता ती जागा आधी हॉस्पिटल होती आणि हॉस्पिटलच्याही आधी कोणाचा तरी वाडा. ओळ टाकून मी मोकळी झाले, पत्रं मात्र थांबेनात. म्हणून या वेळी स्वयंपाकाचे आणि बागेचे प्रश्न बाजूला ठेवलेत, त्यांनी रागावू नये, पुढच्या महिन्यात घेते.

पर्वरीहून एक वाचक: ताई, मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, जुनं जीएमसी (गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) मला चांगलं आठवतं. पण तो वाडा होता हे पहिल्यांदाच वाचलं. कोणाचा वाडा? पणजीत तेव्हा असे वाडे होते?

माकिनेज पालास म्हणतात तो. माकिनेज ही पदवी, काउंट होते ते, आणि दोघा भावांनी मिळून १७०२ साली हे घर बांधलं असं सांगतात. इथं एक गंमत लक्षात घ्या, १७०२ मध्ये पणजी शहर नव्हतंच. माड, शेतं, चिखल, खाजण, मांडवीच्या काठाला आदिलशहाचा जुना राजवाडा, टेकडीवर चर्च (तेही आधी दर्यावर्दी लोकांसाठी, लिस्बनहून आलेलं गलबत इथं लागलं की माणसं पहिले देवाचे आभार मानायला वर चढायची), आणि मधेमधे एखाददुसरं मोठं घर. राजधानी होती वर, जुन्या गोव्यात, नदीनं नऊ-दहा किलोमीटर आत. त्यामुळे माकिनेज भावांचं घर म्हणजे आजच्या भाषेत शहराबाहेरचं फार्महाऊसच म्हणा, फक्त फार्महाऊसला चॅपेल नसतं आणि यांच्या घराला स्वतःचं चॅपेल होतं, ते अजून आहे.

आता हॉस्पिटल तिथं कसं आलं? हॉस्पिटल जुन्या गोव्याहून चालत चालत आलं असं मी म्हणते. नीट बघा. जुन्या गोव्यात पोर्तुगालच्या राजाचं हॉस्पिटल, त्याची गोष्ट खालच्या प्रश्नात येतेच. जुन्या गोव्यात रोगराई इतकी वाढली की मोठी माणसं तिथून सटकायला लागली. व्हाइसरॉयनं १६९५ मध्ये बिऱ्हाड हलवलं ते पणेलीला, जुन्या गोव्याच्या जरा खाली, जिथं बंदुकीच्या दारूचा कारखाना होता तिथं. मग १७५९ मध्ये तो आणखी खाली सरकला, पणजीला, त्याच आदिलशहाच्या राजवाड्यात. आणि हॉस्पिटल काय करतं, तर त्याच्या मागून. व्हाइसरॉय पणेली सोडून गेल्यावर हॉस्पिटल पणेलीच्या पालासात आलं. पुढे १८४२ मध्ये तेही पणजीला, माकिनेजच्या घरात. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला तिथं मेडिकल स्कूल सुरू झालं, एश्कोला मेदिका, आणि चारेक महिन्यांनी, मार्च १८४३ मध्ये, पणजी अधिकृतपणे राजधानी झाली, नोव्हा गोवा नावानं. म्हणजे साहेब पुढे, पेशंट मागे, नदीच्या ओहोटीसारखं सगळं खाली खाली वाहत आलं.

आणि घर हॉस्पिटलला शोभलं का, तर त्या काळच्या हिशोबानं फार छान शोभलं. चिऱ्याच्या जाड भिंती, उंच छत, लांब खोल्या, नदीचं वारं. तेव्हा डॉक्टरांचा पक्का समज होता की रोग वाईट हवेतून येतो, सडक्या वासातून, त्यामुळे वारं खेळतंय ना एवढं बघितलं की जागा पास. रोग जंतूंमुळे होतो हे अजून सिद्ध झालं नव्हतं. पाण्याची विहीर कुठं आणि संडास कुठं हे कोणी बघत नव्हतं, खरं तर तेच बघायला हवं होतं.

डोंबिवलीहून, मूळ पेडण्याच्या वाचक: आमचे आजोबा सांगायचे की ओल्ड गोव्याच्या हॉस्पिटलात पेशंटला चांदीच्या ताटात जेवण मिळायचं. आम्ही हसायचो. ही थाप होती का?

थाप नव्हती हो, आजोबांची माफी मागा.

पिरार द लावाल नावाचा एक फ्रेंच माणूस होता. त्याचं जहाज १६०२ मध्ये मालदीवजवळ फुटलं, बिचारा काही वर्षं तिथंच अडकला, मग बंगाल, कालिकत असं करत पोर्तुगीजांच्या हातात सापडला आणि १६०८ मध्ये आजारी अवस्थेत गोव्यात आला, कैदीच जवळजवळ. त्याला राजाच्या हॉस्पिटलात टाकलं. त्यानं जे लिहून ठेवलंय ते वाचून आपल्यालाच ॲडमिट व्हावंसं वाटेल. आल्या आल्या केस कापून आंघोळ, धुतलेले कपडे, लाखेनं रंगवलेल्या खाटा, स्वच्छ चादरी, कोंबडीचं जेवण, आणि हो, चांदीची भांडी. बाहेरून बघताना त्याला ते हॉस्पिटल वाटलंच नाही, राजवाडा वाटला, आणि जगात याच्याइतकं चांगलं हॉस्पिटल दुसरं नसेल असं त्याचं मत.

हे हॉस्पिटल सुरू केलं आफोन्सो द आल्बुकेर्कनं, १५१० मध्ये गोवा घेतल्यावर लगेच. त्याला कारण दयाबिया नव्हती. लिस्बनहून निघालेलं जहाज सहा-सहा महिन्यांनी पोचायचं आणि त्यातली निम्मी माणसं आडवी. सैनिक मेले तर राज्य कशावर चालवणार? म्हणून राजा सढळ हातानं पैसे द्यायचा. पुढे कारभार जेझुइट पाद्रींकडे गेला आणि पिरारनं बघितलं ते त्यांच्या चांगल्या दिवसातलं.

पण आता आजोबांनी न सांगितलेली गोष्ट मी सांगते. त्या चांदीच्या ताटात जेवायचे ते फक्त युरोपातून आलेले पुरुष. तुमचे आमचे कोणी त्या दरवाज्यातून पेशंट म्हणून आत गेले नाहीत, ख्रिस्ती झालेलेसुद्धा नाहीत. बायकांनाही जागा नव्हती. गरिबांसाठी मिझेरिकॉर्दिया या धर्मादाय संस्थेचं वेगळं हॉस्पिटल, तिथं चांदी नव्हती. आणि राजवाड्यासारखं हॉस्पिटलही फार टिकलं नाही. पिरारनंतर तीस-चाळीस वर्षांनी ताव्हर्निये हा दुसरा फ्रेंच दोनदा येऊन गेला, त्याच्या मते कीर्ती सगळी आधीची, आता आत गेलेला युरोपियन बाहेर निघतो तो थडग्यातच. पेशंट तहानेनं ओरडतात आणि खालचे नोकर चोरून पाणी देतात, तेही पैसे घेऊन. हे वाचलं आणि मला वाटलं बघा, चारशे वर्षांत वॉर्डबॉयच्या काही सवयी बदलल्या नाहीत! (सगळे तसे नसतात, माहीत आहे मला, पत्रं पाठवू नका.)

आणखी एक. त्या हॉस्पिटलात आपल्याला जागा नसली तरी आपल्या वैद्यांना साहेबांच्या घरात होती. लिन्सखोतेन हा डच माणूस १५८३ ते १५८८ गोव्यात होता, तो लिहितो की हिंदू वैद्यांना डोक्यावर छत्री धरून रस्त्यानं जायची मुभा होती, जी इतर हिंदूंना नव्हती, राजदूत आणि बडे व्यापारी सोडून. का, तर पोर्तुगीज स्वतः, अगदी व्हाइसरॉय आणि आर्चबिशपसुद्धा, स्वतःच्या डॉक्टरपेक्षा आपल्या वैद्यावर जास्त विश्वास ठेवायचे. सकाळी धर्माच्या नावानं हिंदूंवर बंधनं आणायची आणि रात्री पोटात दुखलं की वैद्याला निरोप! १६१८ मध्ये सिनेटनं, म्हणजे शहराच्या कारभारी मंडळानं, नियम केला की हिंदू वैद्य फक्त तीस, तेही परीक्षा देऊनच. कोटा पद्धत म्हणजे नवीन नाहीच.

पोटावरून आठवलं, मोडशी. आपण आज मोडशी म्हणतो ते अपचन, पोट बिघडणं, फार तर आलं-लिंबाचा रस देऊन मोकळे होतो. पण गोव्यातल्या पोर्तुगीजांनी हाच शब्द उचलला तो कॉलऱ्यासाठी. १५४३ मध्ये गोव्यात भयंकर साथ आली होती, सकाळी धडधाकट माणूस संध्याकाळी गेलेला. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज डॉक्टरनं, तोच ज्याच्या नावाची बाग पणजीच्या चर्चच्या समोर आहे, १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या पुस्तकात या रोगाचं बारकाईनं वर्णन केलंय. पुढे हाच शब्द युरोपात गेला आणि फ्रेंचांनी ऐकून ऐकून त्याचं 'मोर द शियें' केलं, म्हणजे कुत्र्याचं मरण. आपल्या आजीची मोडशी कुठल्या कुठं पोचली बघा. उपाय काय, तर टाचेला तापलेल्या सळईचा डाग. आलं-लिंबू बरं.

साखळीहून एक विद्यार्थी: आमच्या सरांनी सांगितलं की गोव्याचं मेडिकल कॉलेज आशियातलं पहिलं. मित्र म्हणतो कलकत्ता पहिलं. पैज लागली आहे.

पैज किती रुपयांची ते लिहिलं नाहीस. १८४२ धरलं तर मित्र जिंकला, कलकत्ता आणि मद्रास दोन्ही १८३५ ची. मुंबईचं ग्रँट मेडिकल मात्र १८४५ चं, त्याच्या आधी आपण. आता सरांची बाजू अशी की गोव्यात हॉस्पिटलात शिकवण्याचे वर्ग त्याच्याही आधीपासून चालायचे, १८०१ चा वर्ग तर प्रसिद्ध आहे, तो धरला की गोवा पुढे. 'वर्ग' आणि 'कॉलेज' एकच मानायचं का यावर सगळं आहे. माझ्या मते अर्धी अर्धी करा आणि सरांना यात ओढू नका.

पण पहिलं-दुसरं सोडून एक गोष्ट मला मोठी वाटते. राजाच्या हॉस्पिटलात आपल्याला पेशंट म्हणून आत घेत नव्हते, आणि या माकिनेजच्या वाड्यातून आपलीच मुलं डॉक्टर होऊन बाहेर पडली. त्यातली कितीतरी पोर्तुगालनं मोझांबिक, अंगोला, तिमोर अशी दूर धाडली, कारण लिस्बनचे डॉक्टर तिकडे जायला तयार नसायचे. लिस्बनमध्ये मात्र या डिग्रीला पूर्ण मान नव्हता, तिथं प्रॅक्टिस करायची तर पुन्हा पोर्तुगालच्या परीक्षा. जंगलात चालते, राजधानीत चालत नाही, अशी ती डिग्री.

म्हापशाहून एक वाचक: माझा धाकटा भाऊ १९८७ मध्ये जुन्या जीएमसीत जन्मला. आई सांगते की कळा सुरू झाल्यावर फेरीतून नेलं. पणजीला जायला फेरी कशाला? आई आता गोंधळते असं घरात सगळे म्हणतात.

आई अजिबात गोंधळत नाही, घरातल्यांना सांगा. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल कोसळला. नवा पूल होईपर्यंत काही वर्षं मांडवीपलीकडच्या बार्देशातून पणजीला जायचं म्हणजे बेतीची फेरी, किंवा मग लांबचा वळसा. पावसात, रात्री, पोटुशी बाई आणि सोबत सासू, हातात थर्मास आणि कपड्यांची पिशवी, फेरी पलीकडे असली तर ती येईपर्यंत धक्क्यावर उभं राहायचं.

मी स्वतः तेव्हा शाळेत होते आणि आमच्या आत्याचं ऑपरेशन होतं म्हणून आम्ही तीन आठवडे रोज संध्याकाळी असंच जायचो. फेरीतून उतरलं की नदीकाठानं चालत हॉस्पिटल. मला वॉर्डपेक्षा तो लांब व्हरांडा जास्त आठवतो, लाल लाद्या, एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाची नर्स बोटाएवढी दिसायची, आणि डेटॉल आणि मांडवीच्या चिखलाचा एकत्र वास. आत्याच्या शेजारच्या खाटेवर सांगेकडची एक म्हातारी होती, ती नदीकडे बघून रोज म्हणायची, 'इतको व्हडलो वाडो आनी म्हाका दिल्या ती खाट खिडकेकडेन ना.' खिडकीकडची खाट मिळाली तेव्हा तिचा डिस्चार्ज आला. फार वैतागली होती.

तुम्ही विचारलं नाही तरी सांगते, जुनं जीएमसी म्हणजे फक्त माकिनेजचं घर नव्हे. वाडा पुरेना म्हणून शेजारी इमारती वाढत गेल्या, आत्याचा वॉर्ड त्यातलाच. गोवा मुक्त झाल्यावर १९६३ मध्ये एश्कोला मेदिकाचं गोवा मेडिकल कॉलेज झालं, मुंबई युनिव्हर्सिटीला जोडलेलं, आणि मग पेशंट, विद्यार्थी, मशीनं सगळंच इतकं वाढलं की नदीकाठी मावेना. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला शहर, वाढणार कुठे? म्हणून बांबोळीचं पठार. १९९३ पर्यंत सगळं तिकडे गेलं. आणि या वेळी हॉस्पिटल कोणा साहेबाच्या मागून गेलं नाही, पहिल्यांदाच पेशंटच्या गर्दीमुळे हललं, हे मला बरं वाटतं.

परळहून एक वाचक: आम्ही मूळचे हरमलचे, तीन पिढ्या परळला. तुम्ही फक्त गोव्याचंच लिहिता. आमच्या परळला असा वाडा-हॉस्पिटल काही नाही का?

अहो तुम्ही त्याच्या कंपाउंडवरून रोज जात असाल! हाफकिन.

हाफकिन इन्स्टिट्यूट आहे ना, ते मुंबईच्या गव्हर्नरचं घर होतं. त्याच्याही आधी ते होतं जेझुइट पाद्रींचं, म्हणजे गोव्याचं हॉस्पिटल चालवणाऱ्यांचेच भाऊबंद. इंग्रजांनी ते अठराव्या शतकाच्या सुरुवातीला काढून घेतलं आणि गव्हर्नरांना किल्ल्यातल्या गर्दीतून, उकाड्यातून सुटायला खेडेगावातलं घर म्हणून ते आवडायला लागलं. परळ तेव्हा खेडं, हे आज लालबागच्या ट्रॅफिकमध्ये उभं राहून कोणाला पटायचं नाही. मेजवान्या, नाच, तळं, आंब्याची झाडं, सगळा थाट. मग आजूबाजूला गिरण्या आल्या, वस्ती आली, धूर आला. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसनची बायको तिथंच कॉलऱ्यानं गेली, मोडशीनं म्हणा, आणि गव्हर्नर मलबार हिलला समुद्राकाठी राहायला गेले. घर रिकामं.

मग आला प्लेग. १८९६. आणि मुंबईत हा प्लेगच आहे हे पहिल्यांदा ओळखलं कोणी, तर मुंबईतल्याच मांडवी भागात (आपली नदी नव्हे) पेशंट बघणाऱ्या डॉक्टर आकासियु व्हिएगस यांनी, जन्म हडफड्याचा, आपला बार्देशचा माणूस, शिकले ग्रँट मेडिकलला. लोक विश्वास ठेवत नव्हते, मग सरकारनं बाहेरचे तज्ज्ञ आणून खात्री करून घेतली. त्यांचा पुतळा धोबीतलावला आहे, मेट्रो सिनेमाजवळ, बसमधून बघितला असेल. तर त्या साथीत परळच्या रिकाम्या राजवाड्यात प्लेगचं हॉस्पिटल केलं. जिथं गव्हर्नरच्या पार्ट्यांना गोरे लोक नाचायचे त्या दिवाणखान्यात खाटा. १८९९ मध्ये वाल्देमार हाफकिननं आपली लस बनवायची प्रयोगशाळा तिथं हलवली. लस त्यानं त्याच्या आधी ग्रँट मेडिकलच्या एका खोलीत बनवली होती आणि जानेवारी १८९७ मध्ये पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. १९२५ मध्ये संस्थेला त्याचं नाव दिलं.

म्हणजे तुमच्या परळची गोष्ट पणजीच्या उलटी, पणेलीसारखी. पणजीत साहेब पुढे आणि हॉस्पिटल मागून त्याच गावात, तुमच्याकडे साहेब रोगाला भिऊन पळाला आणि त्याच्या घरात रोगीच राहायला आले. हरमलच्या शेजारी मांद्रे, तिथले भाऊ दाजी लाड ग्रँट मेडिकलच्या पहिल्या तुकडीतले, हेही जाता जाता. पेडण्याच्या माणसांनी मुंबईत फक्त कँटीन काढल्या नाहीत हो.

वास्कोहून एक वाचक: माझी भाची इंग्लंडमध्ये नर्स आहे. ती म्हणते तिकडे पूर्वी लॉर्ड लोकांच्या वाड्यात हॉस्पिटलं होती. तेही असंच?

थोडं वेगळं. तिकडे बरेच वाडे पहिल्या महायुद्धात हॉस्पिटल झाले आणि तेही मालक घरात असताना. हायक्लेअर कॅसल सप्टेंबर १९१४ मध्येच सुरू झालं, काउंटेस स्वतः चालवायची आणि पैसा ज्याला तिचा खरा बाप मानतात त्या श्रीमंत माणसाचा. डनहॅम मॅसी नावाच्या वाड्यात १९१७ ते १९१९ मध्ये २८२ सैनिक बरे झाले, आणि तिथं मुख्य जिन्याच्या पायथ्याशी ऑपरेशन थिएटर होतं, कारण बाजूला पाण्याची सोय होती. घरातली मुलगीच नर्स. युद्ध संपलं, खाटा उचलल्या, गालिचे परत अंथरले. भाचीला सुट्टी मिळाली तर डनहॅम मॅसी बघून ये म्हणावं, मँचेस्टरपासून जवळ आहे.

फोंडा तालुक्यातून एक वाचक (नाव-गाव न छापण्याची विनंती): आमचं दोनशे वर्षांचं घर आहे, राजांगण, चौक, वर माडी. आता तिथं फक्त काका-काकू. एक डॉक्टर म्हणतात द्या, छोटं हॉस्पिटल काढू. घर वाचेल आणि गावाचीही सोय. काय करावं?

हा खरा प्रश्न. आधीचे सगळे टाइमपास म्हणा हवं तर.

पहिलं म्हणजे घर कोणाचं? 'आमचं' म्हणालात. गोव्यात आमचं म्हणजे पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्यानं सगळ्या वारसांचं, आणि लग्न झालेल्या प्रत्येक वारसाच्या नवऱ्याचं किंवा बायकोचंही. इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वारसांची नोंद आणि वाटणी, झाली आहे का बघा. नसेल तर मुंबईची आत्या, लिस्बनचा चुलतभाऊ, पुण्याचा भाचा, सगळ्यांच्या सह्या. डॉक्टरशी बोलणी करायच्या आधी घरातल्या गणपतीला सगळे जमतील तेव्हा हे बोला, एरवी जमणार नाहीत.

दुसरं, घर आणि हॉस्पिटल यांचं जमत नाही ते जिन्यावर. तुमच्या माडीचा जिना लाकडी, अरुंद, वर वळणारा. त्यावरून स्ट्रेचर चढवून दाखवा. लिफ्ट घालायची तर माडी तोडावी लागेल. वर जमीन लाकडी, त्यावर एक्सरे मशीनचं वजन ठेवायचं नाही, रोज पाण्यानं धुवायचं तर नाहीच, आणि हॉस्पिटल रोज धुवावं लागतं. ऑक्सिजनची लाइन, जनरेटर, आग लागली तर बाहेर पडायचा दुसरा रस्ता, बायोमेडिकल कचरा वेगळा ठेवायची खोली, सांडपाणी. तुमची विहीर घराच्या किती जवळ आहे? वर जुन्या गोव्यातली रोगराई सांगितली ना, ती घाण झालेल्या विहिरींतूनच पसरली असं सांगतात. चिऱ्याची जमीन पाणी झिरपू देते, घाणेरडंही.

आणि एक चूक सगळे करतात, डॉक्टर लोक तर हमखास. भिंती 'हायजेनिक' पाहिजेत म्हणून जुना चुन्याचा गिलावा काढून सिमेंट मारतात आणि वर ऑइल पेंट. चिऱ्याची भिंत पावसाळ्यात ओल घेते, आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि उन्हाळ्यात चुन्यातून ती ओल सोडते. सिमेंटनं कोंडलं की ओल आतच, मग बुरशी, पोपडे, आणि दोन पावसाळ्यांत तुळयांच्या टोकाला वाळवी. घर वाचवायला दिलं आणि घरच गेलं असं व्हायचं.

मग नाहीच द्यायचं का? तसं मी म्हणत नाही. खाटांचं हॉस्पिटल नको. तळमजला द्या, चौकाभोवतीच्या खोल्या. ओपीडी, फिजिओथेरपी, म्हाताऱ्या माणसांचं डे-केअर, रक्ततपासणीला सॅम्पल घ्यायची जागा, या गोष्टी जुन्या घरात छान बसतात, सोप्यावर पेशंट वाट बघत बसतील ते आजही कुठल्याही वेटिंग रूमपेक्षा बरं. माडी बंद ठेवा. लीज पाच वर्षांचा करा, भिंतीला हात लावायच्या आधी लेखी परवानगी असं कलम घाला. आणि काका-काकू त्याच घरात राहणार असतील तर त्यांचा दरवाजा वेगळा ठेवा, नाहीतर रात्री अकरा वाजता खोकल्याचं औषध मागायला लोक काकूंनाच उठवतील.

डॉक्टरना हे पटलं नाही तर त्यांना रस्त्याच्या कडेला नवीन बांधायला सांगा, त्यांचाही खर्च कमी होईल.

तीन-चार पत्रांत एकच प्रश्न: माकिनेज पालास आता आत जाऊन बघता येतो का?

तिथं फेस्टिव्हल भरवणाऱ्या गोव्याच्या एंटरटेनमेंट सोसायटीचं ऑफिस आहे, फिल्म फेस्टिव्हल गोव्यात २००४ मध्ये आला तेव्हापासून, मल्टिप्लेक्सही त्याच वेळी मागे उभं राहिलं. एरवी ऑफिसच्या वेळेत आवारात फिरायला कोणी अडवत नाही, आतल्या खोल्यांचं मात्र विचारूनच. सगळ्यात चांगलं म्हणजे नोव्हेंबरात फेस्टिव्हलला किंवा डिसेंबरात कलामहोत्सव असतो तेव्हा जा, जुन्या जीएमसीच्या इमारतीत तेव्हा प्रदर्शनं लावतात आणि वॉर्डातून फिरता येतं. गाडी कांपालला लावा आणि चालत या. आणि आईला घेऊन जाणार असाल, म्हापशाच्या वाचकांना सांगतेय, तर तिला पुढे चालू द्या, मॅटर्निटी कुठं होतं ते तिला पाटी न बघता सापडेल.